उतरा भिवपुरीला, चढा नेरळला

गिरगावात ज्याच्याकडे चारचाकी आहे, तो रविवारी कुठेही जात नाही. थट्टा नाही करत. शनिवारी रात्री वाडीच्या तोंडाशी नशिबानं मिळालेली पार्किंगची जागा रविवारी सकाळी सोडून भटकायला निघेल, असा शूरवीर मी तरी अजून पाहिलेला नाही. गेलाच, तर रात्री परत आल्यावर तो ठाकूरद्वार ते प्रार्थना समाज प्रदक्षिणा घालत बसतो आणि घरचे गॅलरीतून मोबाइलवर सांगत असतात, "अरे, मुगभाटात बघितलंस का?" आमच्या शेजारच्या काकांनी तीन वर्षांपूर्वी नवीकोरी गाडी घेतली. ती दर रविवारी धुतली जाते, पुसली जाते, तिच्यावर कव्हर चढतं. बस्स.

माझ्याकडे गाडी नाही. त्यामुळे मी दर महिन्याला दोन रविवार तरी डोंगरात असतो.

तसं बघायला गेलं तर डोंगर-रान आमच्या पत्त्यातच आहे. फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी, मुगभाट... कुरियरवाला पत्ता वाचतो तेव्हा बाजारहाटाची यादी वाचल्यासारखं वाटतं. इथे कधीकाळी खरंच वाड्या होत्या, भाटं होती. आणि आमचं स्टेशन, चर्नी रोड? सांगतात ते असं, की इंग्रजांनी १८३८ मध्ये गुरं चारायला कर लावला, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी वीस हजार रुपये खर्चून ठाकूरद्वारच्या बाजूला गवताळ जमीन घेतली आणि गुरांना फुकट चरायला मोकळी करून दिली. ती चरणी, म्हणून चर्नी रोड. आता त्या चरणीवर आपण चरतो, सोमवार ते शनिवार, आणि गवत बघायचं तर लोकलचं तिकीट काढावं लागतं.

तर हे तिकीट. भिवपुरी, कर्जत, कसारा, सफाळे, कुठलंही घ्या. सेकंड क्लासचं एका दिशेचं भाडं एक वडापाव आणि एक कटिंग यांच्या आसपासच पडतं. पण लोकलनं जायचं ते काही पैसे वाचवायला नाही. लोकलचा खरा फायदा गाडीवाल्यांच्या लक्षातच येत नाही. गाडीनं गेलात की गाडी जिथे लावली तिथेच परत यावं लागतं. म्हणजे डोंगर चढायचा आणि त्याच वाटेनं उतरायचा, कारण खाली झाडाखाली चार चाकं वाट बघतायत. लोकलला तुमची काहीच पडलेली नसते. ती तुम्हाला उतरवते आणि निघून जाते. मग तुम्ही एका स्टेशनवर उतरून, मधला डोंगर ओलांडून, दुसऱ्याच स्टेशनवर गाडी पकडू शकता. सकाळी डाव्या बाजूच्या खिडकीतून दिसलेला डोंगर रात्री परतीच्या गाडीत बसल्यावर आपल्या पायांत असतो. ही मजा ज्यानं एकदा घेतली, तो पुन्हा चढलेल्या वाटेनं उतरायला कुरकुर करतो. मी तरी करतो.

या प्रकारातली माझी सगळ्यात लाडकी वाट म्हणजे भिवपुरी ते नेरळ. नकाशावर बघितलं तर वेडेपणा वाटेल, कारण ही दोन स्टेशनं कर्जत लाइनवर शेजारीशेजारी आहेत. लोकलला मधलं अंतर कापायला काही मिनिटं लागतात. आपल्याला अख्खा दिवस लागतो, कारण आपण मध्ये माथेरान घेतो.

आधी गिरगावातून निघायचं कसं ते. दोन रस्ते आहेत. चर्नी रोडहून स्लो लोकलनं दादर, तिथे पूल चढून सेंट्रलला कर्जत पकडायची. किंवा सरळ टॅक्सीनं सीएसएमटी गाठायचं आणि सुटणाऱ्या गाडीत खिडकी मिळवायची. आमच्यात यावरून दोन पक्ष आहेत. ग्रुपमधला सीए दादरवाला, कारण टॅक्सीचे पैसे वाचतात. मी सीएसएमटीवाला, कारण पहाटेच्या झोपेचं मोल कुठल्याच सीएला कळत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावला मेट्रोही आली आहे आणि सीएसएमटी तिथून दुसरंच स्टेशन. पण रविवारी मेट्रो आपल्यापेक्षा उशिरा उठते, त्यामुळे पहाटेच्या गाडीला तिचा उपयोग नाही. परत येताना मात्र झकास.

भिवपुरी रोड हे छोटंसं स्टेशन आहे. नावाची एक गंमत सांगतो. ज्या भिवपुरीमुळे लोकांना हे नाव माहीत, ते टाटांचं १९२२ सालचं वीजघर इथे नाहीच. ते बरंच लांब, पूर्वेला सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या पायथ्याशी आहे. म्हणून हे नुसतं भिवपुरी नाही, भिवपुरी 'रोड'. त्याआधी १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि लोणावळ्याकडच्या तलावांच्या पाण्यावर मुंबईतल्या गिरण्या चालायला लागल्या. लालबाग-परळमध्ये ज्यांचे आजोबा मागावर उभे राहिले, त्यांच्या घरातला पगार या डोंगरांतल्या पावसावर आलाय. ट्रेनच्या दारात उभं राहून डोंगर बघताना मला हे आठवतं. बाकीच्यांना वडापाव आठवतो, आणि तोही स्टेशनबाहेर मिळतो.

तिथून माथेरानच्या दिशेनं, म्हणजे पश्चिमेला चालायला लागायचं. डिकसळ मागे टाकलं की भातखाचरं सुरू होतात आणि पाऊण-एक तासात पाली-भुतिवली धरणाचं पाणी दिसतं. समोर माथेरानची भिंत. पावसाळ्यात त्या भिंतीवरून इतके धबधबे उतरत असतात की मोजायचा नाद सोडून द्यावा. जुलैमध्ये इथे लावणी चालू असते. बांधावरून चालताना एकामागोमाग एक चाला, रोपांवर पाय देऊ नका आणि कोणी वाकून काम करत असेल तर त्याच्याकडे कॅमेरा रोखू नका. तुम्ही ऑफिसात एक्सेलमध्ये डोकं घालून बसलेले असताना कोणी खिडकीतून फोटो काढले तर कसं वाटेल?

धरणाच्या पुढे चढ लागतो आणि मध्यावर सागाची वाडी येते. ठाकरांची छोटी वस्ती. इथे पाणी भरून घ्या, आणि त्याहून महत्त्वाचं, पुढची वाट विचारून घ्या. मोबाइलमध्ये ट्रॅक डाउनलोड केलाय म्हणून ऐटीत पुढे जाऊ नका. मी गेलो होतो. तेच सांगतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही चौघं. सीए, एक एचआरवाली, तिची पहिल्यांदाच डोंगरात आलेली चुलतबहीण आणि मी. ही वाट मी त्याआधी तीनदा केलेली, त्यामुळे आपोआपच मी लीडर. वाडीत एका घराच्या ओट्यावर एक मावशी कुर्डूची भाजी निवडत बसल्या होत्या. आम्ही पाणी मागितलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि विचारलं, "गारबटला चाललाव? बारा वाजले. वर चारच्या आत पोचा, नायतर इथूनच खाली जा."

"पोचतो की मावशी," मी म्हणालो.

वाडीच्या वर एक ओढा आहे. पाणी असं की बघूनच ऑफिसचा सगळा आठवडा धुऊन निघावा. आम्ही पाय सोडून बसलो. मग डबे उघडले. मग फोटो. मग चुलतबहिणीला खेकडे दिसले, ती खेकड्यांचे फोटो काढत बसली. मी घड्याळ बघत होतो, पण लीडरनं घाई केली की पार्टीचा मूड जातो ना! उठलो तेव्हा पावणेदोन होऊन गेले होते.

गारबेटचं पठार लांबच लांब पसरलेलं आहे. उघडीप असेल तर तिथून मागे वळून बघायचं. खाली धरण, भाताचे हिरवे तुकडे, त्यांच्यामधून जाणारी रेल्वेलाइन, तिच्यावरून सरकणारी आगपेटीएवढी लोकल, आणि पलीकडे हवा स्वच्छ असली तर भीमाशंकरची रांग. श्रावणानंतर गेलात तर सोनकी आणि तेरडा पठारभर. आम्हाला यातलं काहीही दिसलं नाही. आम्ही वर पाय ठेवला आणि दहा मिनिटांत ढग खाली उतरला. उतरला म्हणजे काय, तर पुढच्या माणसाची सॅक दिसेना. पठारावर गुरांच्या वाटा शंभर असतात, आणि धुक्यात प्रत्येक वाट आपलीच वाटते. मोबाइलमधला निळा ठिपका एकदा आम्हाला रेषेच्या डावीकडे दाखवायचा, एकदा उजवीकडे. मग स्क्रीन भिजली आणि त्याला बोटच कळेना.

अर्धा तास फिरलो. एका ठिकाणी गवत संपलं आणि समोर नुसतं पांढरं. वारा खालून वर येत होता. खालून वर वारा म्हणजे कडा, एवढं मला कळत होतं. मी सगळ्यांना बसवलं. कोणी काही बोललं नाही. एचआरवाली, जी ऑफिसात दोनशे माणसांना इंडक्शन देते, ती आपल्या बहिणीचा हात धरून गप्प बसली होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो, कारण तो माझ्यावर रागावलेला नव्हता. तिला वाटत होतं, की याला वाट माहीत आहे.

सवा चार झाले. मागे वळायचं म्हटलं तरी मागे कुठे ते कळत नव्हतं.

तेवढ्यात धुक्यात खोकल्याचा आवाज आला. मग एक माणूस दिसला. डोक्यावरून प्लॅस्टिकचा कागद, पायात रबरी चपला, हातात रिकामी टोपली. माथेरानला सकाळी भाजी घेऊन गेला होता, आता घरी चालला होता, खाली. वाडीतलाच. त्यानं आम्हाला पाहिलं, कडा कुठे आहे ते पाहिलं आणि म्हणाला, "इथं काय बसलाव? उठा." मग तो वळला आणि परत वर चालायला लागला. त्याच्यासाठी हे उलट्या दिशेनं होतं, हे माझ्या लक्षात यायला पाच मिनिटं लागली. तो पुढे, आम्ही मागे, गारबेट पॉइंटच्या झाडीत शिरेपर्यंत. तिथून वाट ठळक होती. त्यानं थांबून विचारलं, "गाडी कितीची हाय नेरळवरून?" मी सांगितलं, रात्रीपर्यंत आहेत. "मंग चाला निवांत." मी तीनशे रुपये काढले. त्यानं घेतले, मोजले, कमरेला खोचले. "फुडच्या टायमाला लवकर निघा," म्हणाला आणि धुक्यात दिसेनासा झाला. अंधार पडायच्या आत त्याला ते पठार परत पार करायचं होतं.

माथेरानच्या चारी बाजूंना अशा वाड्या आहेत. त्यातली कितीतरी माणसं मजुरीला, ओझी वाहायला, भाजी-दूध विकायला वर जातात आणि संध्याकाळी उतरतात. आपण 'इंटरमीडिएट लेव्हल ट्रेक' म्हणतो ती त्यांची कामावर जायची वाट. इतिहासाच्या पुस्तकात असतं, की मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौककडून चढला आणि त्यानं माथेरान 'शोधलं'. वाट आधीच होती, म्हणून तर साहेब चढले!

पुढचं सोपं आहे. गारबेट पॉइंटपासून माथेरानच्या बाजारपेठेपर्यंत लाल मातीची, दाट झाडीतली वाट, रमतगमत दीड तास. गावात मोटारी नाहीत, त्यामुळे घोडे, त्यांची लीद आणि माकडं यांच्याशी जमवून घ्यावं लागतं. ई-रिक्षा २०२२ च्या डिसेंबरपासून आल्या. बाजारात चहा, चिक्की. मग दस्तुरी नाक्यापर्यंत चालत, किंवा अमन लॉजपर्यंत मिनी ट्रेनच्या शटलनं. ही दोन फूट रुंदीच्या रुळांची गाडी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ मध्ये उभारली. २००५ च्या पावसानं ती वाहून नेली, २००७ मध्ये ती पुन्हा धावली. २०१९ मध्ये पुन्हा तेच, आणि नेरळपासूनची गाडी परत यायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. पावसाळ्यात ती नेरळ ते अमन लॉज धावत नाही, म्हणून दस्तुरीहून शेअर टॅक्सी करायची. रुळांवरून चालत नेरळला उतरायची फॅशन आहे. ते रुळ आहेत, फुटपाथ नव्हे. मी आता करत नाही.

एरवी हाताशी तास-दीड तास असला, तर माथेरानच्या दक्षिण टोकाकडे, चौक पॉइंटला जाऊन यावं. तिथून मोरबे धरण दिसतं आणि इर्शाळगडाचा सुळका. त्या सुळक्याखाली इर्शाळवाडी होती. गडावर जाणारे आमच्यासारखे शेकडो जण तिथे टेकायचे, पाणी प्यायचे, भाकरी खायचे. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसांचा पत्ताच लागला नाही आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. त्यानंतर पावसाळ्यात कुठल्याही वाडीत टेकलो, की मी वर डोंगराकडे बघतो. आपण संध्याकाळची गाडी पकडून घरी येतो. ती माणसं रात्री तिथेच असतात.

नेरळला आलो तेव्हा साडेआठ वाजले होते. प्लॅटफॉर्मवर चुलतबहीण पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "पुढच्या वेळी खेकड्यांचे फोटो नाही काढणार." मी म्हणालो, खेकड्यांची चूक नव्हती.

तेव्हापासून एक नियम पाळतो. निघायच्या आधी परतीची गाडी ठरवायची आणि तिथून उलटं मोजत यायचं. नेरळला अमुक वाजता, म्हणजे दस्तुरीला अमुक, म्हणजे बाजारात अमुक, म्हणजे पठारावर तीन. तीनला पठारावर पोचणं जमणार नाही असं वाडीतच दिसलं, तर वाडीतूनच खाली. भिवपुरीहून परतीची गाडी आहेच की! गाडीवाल्यांना ही सक्ती नसते, "होईल रे, आपलीच तर गाडी आहे" म्हणत ते अंधारात उतरतात. लोकलचं वेळापत्रक हे डोंगरातलं सगळ्यात चांगलं घड्याळ आहे, आणि ते मी सेंट्रल रेल्वेचं कौतुक म्हणून म्हणत नाहीये.

दोन स्टेशनांच्या आणखी वाटा आहेत. राजमाचीची तर बहुतेकांना माहीत असते. पहाटे ५.४० ची इंद्रायणी सीएसएमटीहून पकडायची (दादरलाही थांबते), लोणावळ्याला उतरायचं, पंधरा-सोळा किलोमीटर जवळजवळ सपाट चालत उधेवाडी गाठायची, श्रीवर्धन आणि मनरंजन यांपैकी एक बालेकिल्ला करायचा आणि मग कोंडाणे लेण्यांवरून कोंडिवड्याला उतरून रिक्षानं कर्जत. म्हणजे घाट गाडीनं चढायचा आणि पायांनी उतरायचा. एका दिवसात दमछाक होते, पण होतं. कोंडाण्याचा चैत्य दोन हजार वर्षांपूर्वीचा. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात. बाहेर धबधबा अंगावर घेणारी गर्दी असते, आत मात्र बऱ्याचदा तुम्ही एकटेच. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत राजमाचीला काजवे असतात, पण तेव्हा इतक्या बॅटऱ्या आणि मोबाइल येतात की काजव्यांनीच आपल्याला बघायला यावं.

इंद्रायणीत बसलात तर कर्जतला खिडकीतून वडा घ्या आणि घाट लागला की बाहेर बघा. कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात, कारण पुढचा चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे. हा घाट १८६३ मध्ये सुरू झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि पुढचं कंत्राट त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं सांभाळलं. खडक फोडणारे हजारो मजूर कॉलऱ्यानं, तापानं आणि अपघातांनी गेले. त्यांची नावं कुठे नाहीत.

चढ नकोच असेल, तर वेस्टर्नवर नालासोपारा ते वसई. नालासोपाऱ्याला 'बुरुड राजाचा कोट' नावाची टेकडी आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी ती उकरली आणि आत बौद्ध स्तूप निघाला. सोपारा म्हणजे शूर्पारक, कोकणातलं जुनं बंदर. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही इथे सापडले. तिथून निर्मळचं तळं, मग वाड्यांमधून, केळी आणि नारळीच्या कडेनं, चर्चच्या घंटा ऐकत वसईच्या किल्ल्यापर्यंत. मधले कंटाळवाणे डांबरी तुकडे बसनं उरका, त्यात कमीपणा नाही. किल्ला १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतला. आत झाडांनी वेढलेली ओस चर्चं आहेत, आणि त्यांच्यात प्री-वेडिंग शूटवाले. परत वसई रोडहून. ही वाट हिवाळ्यातली. उन्हाळ्यात केलीत तर माझं नाव घेऊ नका.

आसनगावचा माहुली हा त्याच स्टेशनवर परत येणारा, तरीही जाण्यासारखा. १६३६ मध्ये शहाजीराजांना याच किल्ल्यावर मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे माघार घ्यावी लागली. चढ खडा आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी माहुलीनं सुरुवात करू नये, नाहीतर तीच त्यांची अखेर ठरते. डोंगराची हौस फिटते कायमची.

आणि ज्यांना एवढं सगळं नको, फक्त शनिवारच्या पार्टीचा हँगओव्हर झाडाखाली घालवायचाय, त्यांनी बोरिवलीला उतरून कान्हेरी गाठावं. नॅशनल पार्कच्या गेटपासून सहा-एक किलोमीटर, शंभराहून जास्त लेणी, आणि सीटबेल्ट लावायची गरज नाही. फक्त सोमवारी बंद असतं.

आता दोन-चार गोष्टी, ज्या मला कोणीतरी आधी सांगायला हव्या होत्या. रविवारी मेगाब्लॉक असतो. शनिवारीच बघून ठेवा कुठल्या मार्गावर आहे ते, एम-इंडिकेटर जिंदाबाद. सकाळी लवकर गेलात आणि संध्याकाळी आलात, तर बहुतेक वेळा त्याच्या तावडीतून सुटता. पावसाळ्यात कर्जत-खालापूरकडच्या धबधब्यांवर आणि धरणांवर प्रशासन बंदी घालतं. स्टेशनबाहेर पोलीस उभे दिसले की त्यांच्याशी वाद न घालता वडा खा आणि परत या. ते तिथे दर वर्षी कोणाला ना कोणाला पाण्यातून बाहेर काढतात. स्पोर्ट्स शूज नावाचे जे पांढरे बूट जिममध्ये शोभतात, ते शेवाळावर साबणासारखे घसरतात. डब्यात पोळी-भाजी न्या, कारण सँडविचचा पावसात लगदा होतो. सुके कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, सॅकच्या तळाशी. परतीच्या लोकलमध्ये भिजलेल्या कपड्यांनी दोन तास पंख्याखाली बसून बघा एकदा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. वाट सांगणाऱ्याला, सोबत येणाऱ्याला पैसे द्या आणि किती ते निघायच्या आधी विचारा. वाडीत जेवण सांगायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा. भाकरीचं पीठ स्विगी आणून देत नाही तिथे.

त्या रविवारी आम्ही सीएसएमटीला उतरलो ते साडेदहा वाजून गेल्यावर. सीए म्हणाला, चालत जाऊ, टॅक्सीचे पैसे वाचतील. कोणीही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. वाडीच्या तोंडाशी टॅक्सीतून उतरलो, तर काका बनियनवर खाली उभे. गाडी जागच्या जागी, कव्हरसकट.

"कुठे गेला होतात रे एवढे चिखलाने भरून?"

"माथेरान."

"गाडी कुठे लावलीत?" काकांनी काळजीनं विचारलं.